झिजलेलं जुनं नाणं ओळखायचं कसं : बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या नाण्यांसाठी

नांगरटीत वर आलेलं किंवा जुन्या घराच्या पायाच्या खोदाईत मिळालेलं नाणं हातात पडलं की पहिला हात चिंचेकडे जातो. तो आवरा. चिंच, लिंबू, ताक, राख, भांडी घासायची पावडर, यातलं काहीही नको. झिजलेल्या तांब्याच्या नाण्यावर उरलेला आकार बऱ्याचदा धातूत नसतोच. धातूवर चढलेल्या काळसर-हिरव्या घट्ट थरात तो टिकलेला असतो. आंबटाने तो थर गेला की हातात राहते गुलाबी, चकाकणारी, कोरी चकती. मग ती कुणालाच ओळखता येत नाही.

करायचं ते एवढंच. एका काचेच्या वाटीत बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, नाणं त्यात ठेवा आणि रोज पाणी बदला. चार-पाच दिवसांत माती मऊ होते. मग बांबूच्या काडीच्या टोकाने किंवा बाभळीच्या काट्याने भिंगाखाली एकेक कण उचला. सुई, पिन, पितळी ब्रश वापरू नका. नाणं शिशाचं असण्याची शंका असेल तर पाण्यात भिजत ठेवू नका. मऊ कोरड्या ब्रशने झटका आणि नंतर हात साबणाने धुवा, कारण शिसं विषारी असतं.

माती कुठली हेही बघून ठेवा. खानापूर-जांबोटीकडे पाऊस मोठा आणि जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी. तिथलं तांबं खड्डे पडून, पृष्ठभाग खाल्लेलं येतं आणि वर लोखंडाचा तांबूस डाग असतो. निपाणी, चिकोडी, अथणीच्या काळ्या रानातलं नाणं चुनखडीच्या पांढुरक्या कवचात मिळतं. कवच दिसायला वाईट, पण त्याच्या आतला छाप बरेचदा शाबूत असतो. म्हणून काळ्या मातीतल्या नाण्याला जास्त धीर लागतो. घाई केली तर कवचाबरोबर अक्षरही निघतं.

चित्र नंतर, आधी धातू

बहुतेक लोक नाणं हातात घेऊन आधी "हा हत्ती आहे की घोडा" असं बघायला लागतात. झिजलेल्या नाण्यात हीच वाट चुकीची, कारण डोळ्याला जे हवं ते डाग-खड्ड्यांतही दिसतं. धातू, वजन आणि घडण या तीन गोष्टी नजरेच्या भुलीवर अवलंबून नसतात. त्या आधी पक्क्या करा. एवढ्यावरच दहा शक्यतांतल्या सात-आठ गळतात.

धातू ओळखायला सराफाकडे घासून घेऊ नका, कसोटीचा ओरखडा कायमचा राहतो. घरीच घनता काढता येते. लागतो तो 0.01 ग्रॅम दाखवणारा खिशातला डिजिटल काटा, प्लास्टिकचा छोटा ग्लास आणि बारीक शिवणाचा दोरा. नाण्याचं कोरडं वजन लिहून घ्या. मग अर्धा ग्लास पाणी काट्यावर ठेवून काटा शून्य करा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्याने भागा.

समजा नाणं 9.12 ग्रॅम भरलं आणि पाण्यात काट्याने 1.04 दाखवलं. 9.12 भागिले 1.04 म्हणजे 8.77. हे तांबं. शुद्ध तांब्याची घनता 8.9 च्या आसपास, चांदीची 10.5, शिशाची 11.3, कथलाची 7.3, जस्ताची 7.1 आणि सोन्याची 19.3. दुसरं नाणं 7.40 ग्रॅम आणि पाण्यात 0.66 असेल तर 11.2 येते. वरून कितीही काळपट-करडं दिसो, ते शिसं आहे आणि आता शोधाची दिशाच बदलली.

इथे चूक कुठे होते तेही माहीत हवं. खड्ड्यांत हवेचे बुडबुडे अडकले की पाण्याचा आकडा फुगतो आणि घनता कमी येते. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, नाणं बुडवून हलकेच हलवा, मगच आकडा वाचा. गंजाचं जाड कवचही घनता खालीच ओढतं. म्हणजे उत्तर चुकलं तर जवळजवळ नेहमी कमी बाजूला चुकतं. 8.2 आलं तर ते गंजलेलं तांबं असू शकतं, पण 11.2 आलेलं नाणं तांब्याचं असू शकत नाही. एक ग्रॅमपेक्षा हलक्या नाण्यावर, म्हणजे सोन्याच्या फनमसारख्या टिकलीवर, ही रीत चालत नाही. काट्याची चूकच मोठी पडते.

लोहचुंबक मात्र आधीच लावून बघा. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि पुढचा खटाटोप बहुतेक वाचला.

वजन आणि घडण

वजन वाचताना एक नियम धरा: झीज वजन कमी करते, वाढवत नाही. म्हणून सापडलेलं वजन हा तळाचा आकडा समजा आणि मूळ वजन त्याहून थोडं जास्त होतं असं धरून शोधा. (कवच असेल तर उलट, ते वजनात भर घालतं.) चांदीचं चपटं नाणं 3.1 ग्रॅम भरत असेल तर 3.4 ग्रॅमच्या जवळपासच्या आहत नाण्याशी (चांदीच्या तुकड्यावर वेगवेगळे छोटे ठसे मारलेलं प्राचीन नाणं) ताडून बघायला हरकत नाही. पण 3.9 भरत असेल तर ती वाट बंद.

रुपयाचं वजन आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं, फक्त लक्षात येत नाही: एक तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि कंपनी सरकारच्या 1835 नंतरच्या रुपयाचं वजनही तेवढंच. त्याआधीचे हाताने पाडलेले मराठी आणि मोगली रुपये थोडे हलके, झिजून 11 ग्रॅमच्या खालीही गेलेले मिळतात. कंपनीचा 1835 चा तांब्याचा पाव आणा 6.47 ग्रॅमचा.

मग कड बघा. यंत्रावर पाडलेलं नाणं तंतोतंत गोल, सगळीकडे एकाच जाडीचं असतं आणि कितीही झिजलं तरी ते लपत नाही. हाताने घाव घालून पाडलेल्या नाण्याच्या कडेला तडे असतात, एक बाजू जाड, एक पातळ. कोपरे छाटून वजन जुळवलेली चौकोनी-आयताकार चांदी म्हणजे बहुधा आहत नाणं. पातळ सोनं वाटीसारखं खोलगट असेल आणि मधे कमळ असेल तर देवगिरीच्या यादवांची पद्मटंका आठवा. त्यात ठसे एकेक करून वेगळे मारलेले असतात. आणि ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांची छिद्रं, कडेला साच्याची जोडरेघ दिसते. सातवाहनांची काही पोटीनची, म्हणजे तांबं-कथील-शिशाच्या मिश्रणाची, नाणी खरोखर ओतीव आहेत. शिवराई किंवा मराठी रुपया ओतीव दिसला तर मात्र नकली समजा.

आडवा उजेड

आता चित्राकडे. खोली अंधारी करा. नाणं काळ्या कागदावर ठेवा आणि एकच दिवा, मोबाइलचा टॉर्चही चालेल, टेबलाच्या जवळजवळ पातळीला आणा, दहा-पंधरा अंशांवर. समोरून सरळ पडणारा प्रकाश झिजलेलं सगळं पुसून टाकतो. आडव्या प्रकाशात केसाएवढा उंचवटाही सावली टाकतो.

दिवा जागेवर ठेवून नाणं घड्याळाच्या काट्यासारखं थोडं थोडं फिरवा आणि आठ दिशांना आठ फोटो घ्या. एका फोटोत आडवी रेघ दिसेल, दुसऱ्यात तीच गायब होऊन उभी दिसेल. रेघेला समांतर प्रकाश तिची सावली पाडत नाही, म्हणून एका फोटोवर कधीच निर्णय देऊ नका. वाचायचा अंतिम फोटो डाव्या वरच्या कोपऱ्यातून प्रकाश येईल असा ठेवा. प्रकाश खालून आला की डोळा उंच-खोल उलटं वाचतो आणि उठावाची अक्षरं खोदलेली वाटतात. फोटो कृष्णधवल करून काँट्रास्ट वाढवला तर आणखी थोडं हाती लागतं. पाण्याचा एक थेंब पसरूनही बघा. ओल्या तांब्यावर रंगाचा फरक उठून दिसतो.

बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिलीने घासलेला ठसाही कामाचा, पण शिशावर नको. दाबाने शिसं दबतं.

उंच भाग आधी झिजतो: माणसाचा चेहरा, हत्तीचं पोट, मधली अक्षरं. कडेचं आणि खोलातलं टिकतं. म्हणून शोध मधे नव्हे, काठाला सुरू करा. मण्यांच्या वर्तुळाचे दोन-तीन ठिपके, एखाद्या काना-मात्रेचं टोक, तेवढंच पुरे होतं.

लिपी : एका रेघेवरून

सीमाभागातल्या माणसाला इथे आयता फायदा आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही पाट्या रोज डोळ्यांखालून जातात. शिरोरेघ दिसली तर नागरी. शिरोरेघ नाही, अक्षरं गोल वळणाची आणि डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखी छोटी आकडी (तलकट्टु) असेल तर कन्नड. सुटी, सरळ, काटकोनी अक्षरं, क्रॉस, वर्तुळ, दांडा अशी, असतील तर ब्राह्मी. आणि नाण्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ओढलेली लांब आडवी रेघ, तिच्यावर-खाली ठिपके, हे फार्सी-अरबीचं लक्षण. लिपी कळली की काळ पाच-सातशे वर्षांनी आवळतो.

हिजरी सालाचे आकडे उरले असतील तर त्याला 0.97 ने गुणा आणि 622 मिळवा. 1197 चं उत्तर 1783 येतं. पण मोगल बादशहा शाहआलमच्या नावाचे रुपये मराठी टाकसाळींत पुढेही पडत राहिले, तेव्हा नाण्यावरचं राज्यवर्ष (बादशहाच्या राज्याचं कितवं वर्ष) म्हणजे पाडल्याचं वर्ष असं डोळे मिटून धरू नका. अशा रुपयावर आधी टाकसाळीची खूण शोधा. अंकुशाची आकडी दिसली तर अंकुशी रुपया. आणि पृष्ठभागावरचे इवले फुलाचे, चांदणीचे खोल ठसे हे मूळ नाण्याचे नसतात. पारख करणाऱ्या सराफांनी ते मारलेले असतात. त्यांना चिन्ह समजून टाकसाळ शोधत बसणारे पुष्कळ आहेत. गोकाकच्या बाजूचा रुपया असेल तर 'आझमनगर गोकाक' या टाकसाळीचं नावही डोक्यात असू द्या. आझमनगर हे बेळगावचं मोगलाईतलं नाव.

तीन हत्ती

या भागात सगळ्यात जास्त गोंधळ हत्तीवरून होतो. झिजून फक्त पाठीची कमान आणि चार पाय उरलेला हत्ती किमान तीन राजवटींचा असू शकतो आणि त्यांच्यात दीड हजार वर्षांचं अंतर आहे.

पहिला सातवाहनांचा. नाणं लहान, पोटीनचं, ठिसूळ, कडा तुटलेली. हत्तीची सोंड वर उचललेली. पण हत्तीवर वेळ घालवू नका, नाणं उलटा. मागे मधल्या क्रॉसच्या चार टोकांना चार वर्तुळं, म्हणजे उज्जैन चिन्ह, असेल. हे चिन्ह इतकं ठळक असतं की दोन वर्तुळं उरली तरी पुरतं.

दुसरा विजयनगरचा, मुख्यतः देवरायाच्या वेळचा. शुद्ध तांबं, नाणं छोटं पण जाडसर. मागे नागरीत राजाचं नाव दोन-तीन ओळींत. 'श्री' किंवा 'राय' यांतला एखादा काना आणि ओळींमधली आडवी रेघ एवढंही दिसलं तर शंका मिटते. विजयनगरच्याच तांब्यावर हनुमान, गरुड, नंदीही येतात, तेव्हा चार पाय दिसले म्हणजे हत्तीच असंही नाही. सोंडेच्या जागी रेघ खाली उतरते की वशिंड वर उठतं ते बघा.

तिसरा म्हैसूरचा, हैदर-टिपूचा पैसा. हा हाताला सगळ्यात मोठा, पूर्ण असताना 11 ग्रॅमच्या जवळपास. भोवती दोन रेघांच्या मधे ठिपक्यांची माळ. मागे फार्सीत टाकसाळीचं नाव. धारवाडलाही टिपूची टाकसाळ होती, नाण्यावर तिचं नाव 'खुर्शीद-सवाद' असं येतं. नंतर कृष्णराज वोडेयरांच्या नाण्यांवर कन्नड अक्षरं आली.

तेव्हा क्रम असा: घनता, मग वजन, मग मागची बाजू. हत्ती सगळ्यात शेवटी.

शिशाची नाणी आणि दुहेरी छाप

बेळगावला चिकटून असलेल्या वडगाव-माधवपूरच्या उत्खननात सातवाहनकाळचं गाव उजेडात आलं आणि तिथे, तसंच कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत, कुर राजांची नाणी मिळाली. म्हणून या पट्ट्यात शिशाचं जड नाणं आलं की पहिला संशय कुरांवरच घ्यावा.

एका बाजूला कमानींचा डोंगर: खाली चार, वर तीन, मग दोन, मग एक अशा दहा कमानी आणि जोडीला कठड्यातलं झाड. झिजल्यावर कमानी जाऊन गोळ्यांचा त्रिकोण उरतो. दुसऱ्या बाजूला बाण लावलेलं धनुष्य आणि भोवती ब्राह्मी लेख. धनुष्याची वाकडी कमान आणि मधला उभा बाण बऱ्यापैकी शेवटपर्यंत दिसतो. लेखात वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर किंवा गोतमिपुत विळिवायकुर यांपैकी नाव असतं.

इथे नवखा माणूस हमखास अडकतो. दोन बाण, दोन धनुष्यं एकमेकांवर तिरकी दिसतात, अक्षरं एकमेकांत घुसलेली असतात आणि त्याला वाटतं नाणं बनावट आहे किंवा आपली नजर चुकतेय. दोन्ही नाही. सिवलकुराने वासिठीपुताची नाणी पुन्हा छापली आणि गोतमिपुताने आधीच्या दोघांचीही. जुना छाप पूर्ण मोडला नाही. अशा नाण्यावर आडवा उजेड टाकून अखंड, सलग रेघ कुठली आणि तुटलेली कुठली ते बघा. सलग ती नंतरची. राजांचा क्रम ठरला तोही याच दुहेरी छापांवरून. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला 1906 साली सापडलेल्या तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांतही हेच घडलं होतं, क्षत्रप राजा नहपानाच्या नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला.

बाकीची नेहमी मिळणारी

जाड, ओबडधोबड, चित्र नसलेलं आणि दोन्हीकडे आडव्या अरबी ओळी असलेलं तांबं बहुधा बहमनी किंवा आदिलशाही. महमूद गावानने 1472 मध्ये बेळगाव घेतलं, त्यामुळे ही नाणी इथे नवलाची नाहीत. सुलतानाचं नाव वाचता आलं नाही तर "बहमनी तांबं, राजा अनिश्चित" असं लिहा. ही अपुरी ओळख नाही; झिजलेल्या बहमनी नाण्याची बरेचदा एवढीच ओळख खरी असते. चांदीची दुमडलेली तार, त्यावर अक्षरांचे तुकडे, म्हणजे लारी. दागिन्याचा तुकडा समजून ती वितळवली जाते, तेवढं टाळा.

शिवराई सगळ्यात जास्त मिळते. एका बाजूला 'श्री / राजा / शिव', दुसरीकडे 'छत्र / पति'. ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे न झिजलेल्या शिवराईवरही सगळी अक्षरं मावत नाहीत. झिजलेल्यात 'राजा'चे दोन काने जोडीने उभे दिसतात, ते शोधा. दोन ओळींच्या मधे दोन समांतर आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी शिवराई, म्हणजे नंतरची. 'सिव', 'पती' असे लेखनभेद सर्रास आहेत, त्यावरून खोटी ठरवू नका. वजन 8 ते 13 ग्रॅमपर्यंत काहीही निघतं. आणि प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते. बहुसंख्य पुढच्या काळातल्या आहेत, इंग्रजी अमलातही त्या बाजारात चालत होत्या.

तराजूचं चित्र आणि मधे फार्सी 'अदल' म्हणजे कंपनीचा मुंबई इलाख्याचा पैसा. साल बहुधा 1804 च्या पुढचं. गोव्याकडून आलेल्या हलक्या, करड्या नाण्यावर आऱ्यांचं चाक असेल तर पोर्तुगीज बझारुक, आणि घनता 7 च्या घरात आली तर जवळजवळ पक्कं. कदंबांची जुनी राजधानी असलेल्या हलशीमुळे कदंबांचं सोनं या भागात सगळ्यांच्या बोलण्यात असतं. गोव्याच्या कदंबांच्या गद्याण या सोन्याच्या नाण्यावर सिंह आणि नागरीत सप्तकोटीश या देवाच्या वरप्रसादाचा उल्लेख असतो. पण गावोगाव दाखवलं जाणारं "कदंबांचं सोनं" बरेचदा मुलामा दिलेलं पितळ असतं आणि घनता ते लगेच सांगते. रामदरबार किंवा हनुमान आणि सोबत 1818 साल व कंपनीचं नाव असलेली जाड नाणी कंपनीने कधीच पाडली नाहीत.

नोंद आणि जपणूक

प्रत्येक नाण्याला एक चिठ्ठी: वजन, व्यास, जाडी, घनता, दोन्ही बाजूंना दिसलेलं (अंदाज वेगळ्या ओळीत), गाव, सर्व्हे नंबर, मातीचा रंग, किती खोलीवर मिळालं. एकाच जागी अनेक नाणी मिळाली तर ती वेगळी करू नका. एका वाचता येणाऱ्या नाण्यावरून शेजारची नऊ ओळखता येतात. जमिनीत सापडलेल्याची खबर तहसीलदारांना किंवा डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला लेखी द्यावी लागते, आणि शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. अडलेल्या नाण्यासाठी धारवाडच्या कन्नड संशोधन संस्थेचं किंवा कोल्हापूरच्या टाऊन हॉलचं संग्रहालय जवळ पडतं. नुसता फोटो घेऊन जाऊ नका. वजन आणि घनता सोबत असू द्या.

ठेवताना मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोत, त्यातून आम्ल सुटून हिरवा चिकटा धरतो. झिपची साधी पॉलिथिन पिशवी आणि आत सिलिका जेलची पुडी बरी. शिशाचं नाणं लाकडी किंवा प्लायवूडच्या खणात अजिबात नको, लाकडाच्या वाफेने त्याचं पांढरं पीठ होतं. तांब्यावर फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी दिसली तर ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा आणि पाऊस लागण्याआधी, मे महिन्यातच, सगळ्या पुड्या बदलून घ्या.